रात्रीचा कप्पा

सदरला चर्चमागच्या मैदानात नाताळचा मेळा.
आमचं टेबल नळाशेजारी, म्हणून चिखलात.
संत्र्याच्या मुरंब्याच्या चाळीस बाटल्या,
लेबलं रूथच्या हातची,
'मुरंबा' दोन तऱ्हांनी लिहिलेला.

आईनं पप्पांचा मफलर कानांवरून घेतलाय.
गल्ला म्हणून त्यांचाच गोळ्यांचा डबा:
'सकाळ'मध्ये दहाची नाणी,
'दुपार'मध्ये पाचाची,
'संध्याकाळ'मध्ये नोटांच्या घड्या.
"आणि 'रात्र'मध्ये काय ठेवू?" पोरगी विचारते.
"राहू दे."

लोक आधी घासाघीस करतात,
मग मागची पाटी वाचतात,
बरं न होणाऱ्यांच्या घरासाठी, असं काहीसं,
आणि घाईघाईनं म्हणतात, सुटे असू द्या.
आई मात्र वीस रुपये हातात कोंबते.
"मुरंबा विकून राह्यलो बाप्पा, दुसरं काही नाही."

आठाच्या सुमारास सिस्टर पाटोळे आल्या,
रात्रपाळीला निघालेल्या, स्कूटी चालूच.
एक बाटली उचलली.
डबा पाहिला.
शंभराची नोट चौपदरी केली
आणि त्या अर्ध्या उजेडात, न वाचता, न चाचपडता,
अंगठ्यानं नेमका शेवटचा कप्पा उघडला.

टिक.

आईनं तिकडे पाहिलं.
सुटे द्यायचे राहूनच गेले.