उपसा

शुक्रवारी संध्याकाळी ठेवलेलं गुलाबी पाणी
सोमवारी सकाळी पिवळं झालेलं असतं.
सुट्टीत कोणी आलेलं नसतं.
त्यांनी फक्त खाल्लेलं असतं.

प्राणवायू मुबलक, तरी साखर अर्धवट वापरायची
आणि आंबट ते दारातच ओतून द्यायचं,
असा यांचा संसार.
लेओकादियाबाईंच्या बरणीतल्या काकड्या
झाकणाखाली हवा नसते म्हणून आंबतात.
यांना झाकण नाही.
यांना घाई आहे.

झेनोनला मी वॉर्डात भेटले, फॉर्मवर सही घ्यायला.
चाळीस वर्षं ग्दान्स्कच्या गोदीत जहाजांचे पंप बसवले त्याने,
अंगठ्याच्या नखाखाली अजून काळं.
नळीतून लाल औषध उतरत होतं.
"पहिल्या खेपेला गाठ विरघळली," तो म्हणाला,
"दुसऱ्या खेपेला तिने ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. का?"
डॉक्टरांनी त्याला एक लांबलचक शब्द दिला होता.
तो त्याने चष्म्याच्या घरात घडी घालून ठेवला होता.

मी म्हटलं, त्यांच्या भिंतीत पंप असतात.
औषध आत शिरलं की उपसून बाहेर.
तो उठून बसला.
"किती ताकदीचे? आणि इंधन?"
साखर, मी म्हटलं.
शिवाय तो दारातला आंबटपणा:
त्यात औषधावर भार चढतो,
आणि भार घेऊन त्याला भिंत ओलांडता येत नाही.
"मग इंधन तोडा की!"
जणू आम्ही अकरा जण नऊ वर्षं
नुसता चहा पीत बसलो होतो.

तोडलं होतं, झेनोन.
मार्चमध्ये साखरेची वाट मी माझ्या हाताने अडवली,
वर लाल औषध.
शंभरातल्या नव्वदांनी माना टाकल्या.
आम्ही खसखशीचा केक कापला.
उरलेल्यांनी अंग चोरलं, वाढणं सोडलं,
आणि आम्ही विझल्या म्हणून धरून चाललो होतो
त्या आतल्या भट्ट्या फुंकून पेटवल्या.
त्यांत चरबी घातली.
आच मंद, पण पंपापुरती पुरे.

तो हसला. खोकला. पुन्हा हसला.
"एका हिवाळ्यात आमच्याकडे कोळसा आलाच नाही.
बाबांनी आधी कुंपण जाळलं, मग कपाटाचे कप्पे,
मग माझी बर्फावरची गाडी.
मी आठवडाभर बोललो नाही त्यांच्याशी.
पण घर गार पडलं नाही."
खिडकीतून गोदीची एक क्रेन दिसत होती, अर्धी.
"नालायक आहेत," तो म्हणाला, "पण मूर्ख नाहीत."
चोराच्या हातातला चांगला पाना बघून
कारागीर बोलतो, तसं.

स्कॅनच्या दिवशी त्याला उपाशी ठेवलं,
मग साखर टोचली.
पडद्यावर भूक दिसते:
मेंदू उजळला, मूत्राशय,
आणि यकृतात सात दिवे,
जुलैत तीन होते.

लेओकादियाबाईंनी मला जिन्यात गाठलं.
त्याचं गोड बंद करू का?
मी म्हटलं, नका.
तो जेवला नाही तरी शरीर साखर बनवतंच,
त्यांच्या ताटात पडायचं ते पडतंच.
त्याला सफरचंदाचा केक आवडतो ना, तो द्या.
त्या म्हणाल्या, आवडायचा.

नावं आमच्यापर्यंत येत नाहीत.
फ्लास्कवर क्रमांक असतो, चारशे सतरा,
आणि तारीख.
तारीख जुळते. मी कोणाला विचारलेलं नाही.

झेनोनच्या खाटेवर आता दुसरा कोणी आहे,
तो पंपांबद्दल विचारत नाही.

आज सोमवार.
पिवळं पाणी काढून टाकते,
गुलाबी भरते, कोमट, नेमक्या मापाचं.
सूक्ष्मदर्शकाखाली ते अंग चोरून बसलेले,
कुंपण जाळून झालेले,
अजून ऊबदार.
त्यांना जेवायला वाढते
आणि दार हलकेच लावते.