टॉलरन्स

भोसरीच्या गेटवर नोटीस लागली, त्या दिवशी
मायक्रोमीटर माझ्या ॲप्रनच्या खिशातच राहिला.
परत द्यायला गेले,
तर वॉचमन म्हणाला, ठेवा ताई. घेणार कोण आता?

बावीस वर्षं मी शाफ्ट मोजले.
ड्रॉइंगवर लिहिलेलंच असायचं:
पंचवीस मिलिमीटर, अधिक-उणे दहा मायक्रॉन.
म्हणजे चूक होणार, हे कागदाला आधीच मान्य.
तेवढी सोसायची.
त्यापुढचं स्क्रॅप.

रात्रशाळेत काझी सर सांगायचे
दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुणा ग्रीकांचं:
आपल्या हातातलं वेगळं, हाताबाहेरचं वेगळं,
गल्लत करू नका.
मी विचारलं होतं,
आणि बोटांच्या टोकाशी अडकलेलं असतं, ते?
सर हसले. घंटा झाली.

आज रात्री झोप नाही.
पोराचा केस मोजला. पोळीचा पापुद्रा मोजला.
मग नोटिशीचा कागद:
शून्य पूर्णांक शून्य नऊ.
एवढ्याशा जाडीनं तीनशे दहा माणसं घरी पाठवली.

हात आवळत चालला होता.
रॅचेट तीनदा टिकटिकला की थांबायचं,
नवीन पोरांना मीच शिकवायचे;
त्यापुढे वस्तूचं माप येत नाही,
आपल्याच जोराचं येतं.

टिक. टिक. टिक.
थांबले.

उद्या चाकणला विचारायला जायचंय.
बस वेळेवर येणं माझ्याकडे नाही,
डबा माझ्याकडे.
पहाटेच भेंडी चिरायला घेतली.
जाड-बारीक झाली जरा.
चालेल.