सर्वनाम

उरुग्वे नदीच्या काठी, आमच्या गावात
लोकर धुण्याचा कारखाना होता.
मी चार वर्षांची असताना तो बंद पडला.
त्याच्या नावाचा फुटबॉल संघ मात्र राहून गेला,
लानेरोस. म्हणजे लोकरवाले.
अकरा जणांपैकी एकानेही आता
मेंढी जवळून पाहिलेली नाही.

पापा, एदिसन लारान्यागा, बसचे कंडक्टर.
दर रविवारी काखेत थर्मास,
हातात कडू चहाचा तुंबा,
आणि तिसऱ्या पायरीवर, गंजक्या खांबाला टेकून.
दुसरीकडे बसून पाहिलं होतं त्यांनी, एकदाच.
त्या दिवशी पाच गोल चढले अंगावर.
तो दोष त्यांनी अजून कुणाला वाटून दिलेला नाही.

मी पुढे शाळेत भाषा शिकवू लागले,
लोकांची सर्वनामं तपासायची खोड लागली.
सगळं गाव जिंकल्यावर म्हणायचं: आपण जिंकलो!
आणि हरल्यावर: हरले, लेकाचे.
पापांचं उलटं.
जिंकले की, "पोरं बरी खेळली."
हार तेवढी स्वतःच्या गळ्यात:
"आपण हरलो."

त्या 'आपण'मध्ये कोण कोण बसतं
हे मी रात्री अंथरुणात मोजायचे.
पहाटे पाव भाजून आलेला गोलकीपर,
चुन्याच्या रेघा नेहमी तिरक्या मारणारा विल्मार,
कारखान्याचे तीनशे चाळीस कामगार, मेलेले धरून,
गुडघ्याला पट्टी बांधलेली मी.
आई नव्हती त्यात.
आई नदीपलीकडे निघून गेली
तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ती गेली."

याचा राग मी पुष्कळ वर्षं जपला.
एकदा भर सामन्यात विचारलंच:
खेळाडू टिकत नाहीत,
बरा निघाला की सतराव्या वर्षी राजधानीला विकतात.
प्रशिक्षक नऊ झाले.
सदऱ्यावरचे आडवे पट्टे उभे झाले,
शिंप्याला नीट ऐकू आलं नाही म्हणून.
मग तुम्ही नेमके कुणाचे आहात, पापा?
त्यांनी नळीतून शेवटचा घोट ओढला, खळखळ आवाज येईपर्यंत.
म्हणाले,
"पायरी ओली आहे, निदिया. खाली पेपर घे."

मग ते वर्ष आलं.
लानेरोस वरच्या गटात गेले.
घडीच्या खुणाही न मोडलेले नवे सदरे घालून
कुठून कुठून माणसं आली.
तिसऱ्या पायरीवर, खांबापाशी,
तोंड रंगवलेला एक पोरगा नाचत होता.
पापा मागे कुंपणाजवळ उभे.
गोल झाला तेव्हा तिघा अनोळख्यांनी त्यांना मिठ्या मारल्या,
त्यांनी मारू दिल्या.
घरी आल्यावर कितीतरी वेळ आरशासमोर
गालाला लागलेला कुणाचा तरी हिरवा रंग
साबणाने काढत राहिले.
"जिंकली पोरं," म्हणाले,
शेजाऱ्यांच्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगावं तसं.

पुढच्या मोसमात आम्ही ओळीने हरलो.
ऑगस्टपर्यंत नवे सदरे
मोटारी पुसायला लागले होते लोकांच्या.

शेवटच्या रविवारी भुरभुर होती, वारा नदीवरून.
एकसष्ट माणसं. पापांनी दोनदा मोजली,
दुसऱ्यांदा कुत्रा वगळून.
तिसरी पायरी या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी,
तरी ते खांबाकडे सरकले, अंग चोरून,
गच्च भरलेल्या बाकावर करावी तशी
माझ्यासाठी जागा केली.
इतके निवांत मी त्यांना
कुठल्याच विजयात पाहिलं नव्हतं.

शून्य-चार. विल्मारची रेघ पावसात वाहून चाललेली.
त्यांनी तुंबा भरला, नळी माझ्याकडे वळवली.
पाणी अजून गरम होतं.
"आपण," ते म्हणाले,
आणि क्रियापद लावायच्या आत
पाचवा झाला.