साठीत साष्टी

साठी भरली त्या आठवड्यात
नातवाच्या भूगोलात जुनीच व्याख्या पुन्हा भेटली:
चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला जमिनीचा भाग.
म्हटलं, एकदा बेट पाहून यावं.
"कुठलं?" कुमुदिनीनं विचारलं.
"हेच. साष्टी."
"साठी बुद्धी नाठी," ती म्हणाली
आणि डबा भरून दिला.

एकोणतीस वर्षं जलखात्यात मी नकाशे गिरवले.
विहार, तुळशी, पवई, अंगठ्याएवढे तीन तलाव,
त्यांतून निघून शहराकडे धावणाऱ्या निळ्या रेषा.
डोंगरांना हिरवा द्यायचा, तो मी पातळच देत गेलो.
साहेब म्हणायचे, तिथं काही नाही, वेळ घालवू नका.
किनाऱ्यावर कोळीवाड्यांची नावं मावत नसत,
मी नुसतं 'को.' लिहायचो.
पाड्यांसाठी अक्षरच ठरलेलं नव्हतं.

मार्व्याहून तर घेतली.
दोन स्कूटर, एक नवरा मुलगा, बर्फाच्या लाद्या, मी.
खाडीच्या मध्यावर मागे वळून पाहिलं,
आणि दिसलं:
इमारतींच्या मागे, त्यांच्या डोक्यावरून,
काळपट हिरवा एक डोंगर
पाठ करून बसलेला.
त्याच्या पायथ्याशी मी जन्म काढला होता.

मनोरीत वलांड्यांवर बोंबील लटकत होते,
जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीनं.
इस्तेर कोलासो टोपली भरत होती.
"बेट बघाला आयलाव?" ती हसली, मग हसू आवरून म्हणाली,
"मंग चला. आज गुरुवार. मी उंबरपाड्याला जाते."

पुन्हा तर, दोन बस, नंतर पायवाट.
ती पुढे, मी तिच्या वासाच्या मागे.
ऐन, बोंडारा, वाळकी कारवी,
शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड.
तिथं तिनं टोपलीतला एक बोंबील ठेवला
आणि कपाळ-छाती-खांदे असा क्रूस केला.
दोघांनाही चालत असावं.

जेठी वायेडाच्या अंगणात तराजू नव्हता.
चार ओंजळी बोंबील,
बदल्यात वालाच्या शेंगा, पळसपानांचा भारा.
मग बराच वेळ दोघी कुणाच्या तरी गुडघ्याविषयी बोलल्या.
इस्तेरची आई चालत यायची म्हणे,
उशीर झाला तर इथेच, जेठीच्या आजीजवळ निजायची.
दोघींच्या गोधडीला म्हणे मासळीचा वास यायचा.

घरांमागून नळवाहिनी गेली होती,
काळी, पुरुषभर उंच, वर चोळ्या वाळत घातलेल्या.
मी ओळखली तिला.
वळण तेच, ज्यावर माझा हात एकदा हलला होता
आणि ब्लेडनं खरवडून मी रेषा पुन्हा काढली होती.
एका पोरानं लोखंडाला कान लावला: "आयका, दर्या!"
इस्तेरनंही लावला. ऐकलं.
"दर्या असा पळत नाय," ती म्हणाली.

जेठीनं तांब्या आणला. पाण्याला पालापाचोळ्याची चव.
"झऱ्याचं?"
"मंग? टेकाडाच्या पल्याड."
"आणि नळ?"
तिनं हनुवटीनं पाठीमागचा पाइप दाखवला:
"हाये ना. केवढा मोठा."
कुणी हसलं नाही. तांब्या माझ्या हातात जड झाला,
तरी मी तो संपवला;
आणलेलं पाणी टाकता येत नाही.

"पावणा कुठला?" तिनं इस्तेरला विचारलं, मला नाही.
"कांदिवलीचा."
"आगं बया. लांबचा."

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते.
नळ सोडला, हात धुतले,
नेहमीपेक्षा लवकर बंद केला.
"पाहिलंत का बेट?"
डब्यात पळसाच्या पानात बांधलेले बोंबील निघाले.
कुमुदिनीनं नाकाला पदर लावला,
आणि तसाच एका हातानं धरून
तवा शोधू लागली.