खांबांचं गाव

मे महिना. सत्तेचाळीस अंश.
इंदोऱ्यातली आमची अभ्यासिका, वर पत्रा,
वाळ्याची ताटी सुकून कडकडीत,
लाईट गेलेली. कुलर तोंड वासून गप्प.

करुणा उके तेवढी बसून होती,
तलाठ्याच्या परीक्षेत कधीच न येणारं पान उघडून.
काका, हे बघा, म्हणाली,
नाईलच्या काठी सूर्याचं एक गाव होतं.
उनू. म्हणजे खांब.
समुद्र ओलांडून यायचे म्हणे लोक
तिथल्या पुजाऱ्यांकडून आभाळ शिकायला,
वर्षाचे दिवस मोजायला.

सूर्याचं गाव पाहायला
एवढ्या लांब काहून जातं बाई, मी म्हणालो,
दाराबाहेर पाय तर ठेव.

ती हसली नाही.
टेबलावरच्या धुळीत बोटानं काढला तिनं
एक उभा दगड, वर निमुळता,
आणि पायाशी ठिपकेच ठिपके.
हे कोण?
दोर ओढणारे.
दगडावरचं वाचता यायचं यांना?
ते नाही लिहिलं, म्हणाली,
आणि बोट ओढणीला पुसलं.

तिचा बाप कळमन्यात मिरचीची पोती वाहतो.
घरी आला की आधी डोळे धुतो.
सही तिनंच शिकवली त्याला;
उकेचा उ अजून उलटा काढतो.
उनूचाही उच.

मग खांब कुठं गेले?
रोमला. लंडनला. न्यूयॉर्कला.
भिंतींचे दगड शेजारच्या शहराच्या घरांत.
एकच उरला, जिथल्या तिथं.

मला आपला दसरा आठवला.
दीक्षाभूमीच्या रस्त्यावर ताडपत्री अंथरून
मी पुस्तकं विकत होतो त्या वर्षी.
किनवटकडची एक बाई आली, पाय धुळीनं पांढरे,
दोन-तीन पुस्तकं हातावर तोलली,
म्हणाली, वाचता नाही येत बापा,
पण वजनदार दे,
गावात पोरी आहेत सहा.
लुगड्याच्या पदरात बांधून नेलं तिनं,
गाडीच्या गर्दीत डोक्यावर धरून.

करुणाला हे सांगणार होतो.
तेवढ्यात लाईट आली.
कुलर खोकला, पाणी उडालं, वारा सुटला.
तिनं डबा ठेवला त्या पानावर
आणि शेकडेवारीची वही ओढली.

टेबलावरचे ठिपके आधी उडाले.
खांब थोडा वेळ राहिला.