हळू

कीथली. ह्या गावाच्या नावात लिहिताना जी अक्षरं येतात
ती बोलताना कुणी उच्चारत नाही,
हे मला पहिल्याच दिवशी आवडलं.
गावाबाहेर, टेकडीच्या पाठीशी, वेड्यांचं जुनं इस्पितळ.
बंद होऊन तीस वर्षं.
आम्ही पाच जण, दोन व्हॅन, अकरा कॅमेरे,
आणि थर्मासमध्ये माझा आल्याचा चहा,
रॉरी टॅटर्सॉलला काढ्यासारखा लागतो, तरी पितो.

माझं काम आवाजाचं.
हेडफोन लावून भिंतीशी बसायचं.
रॉरी कॅमेऱ्यासमोर अंधाराला दम भरतो :
कोण आहे? समोर ये! खूण दे!
जणू उधारी वसूल करायला आलाय.

मला ओळखू येतं पाइपातलं पाणी,
कूस बदलणारं कबूतर, छपरावरची सैल पाटी,
माझंच पोट.
एवढं वजा केलं की उरते खरखर.
खरखरीला माणूस म्हणायचे
मला रात्रीचे एकशे चाळीस पौंड मिळतात.

धुलाईखान्यात, पावणेतीनला,
दगडी हौदांच्या रांगेतून
एक शब्द आला.
सगळ्यांनी ऐकला. सुई हलली,
म्हणजे मशीननंही ऐकला.

हॅलो! रॉरी ओरडला. हॅलो म्हणाली! बाई आहे!
कॅमेरावाल्याला मिठी मारली.
सात वेळा लावून पाहिलं.
सातही वेळा मला ऐकू आलं
हळू.

हळू :
गरम पातेलं दोघी मिळून उतरवताना म्हणतात तसं.
ओल्या फरशीवरून येणाऱ्याला म्हणतात तसं.
कुणी नुकतंच झोपलेलं असलं की
आवाज न फुटू देता, नुसत्या ओठांनी.

मी गप्प राहिले.
यॉर्कशायरच्या हौदावर मराठी कुणाला येणार,
एवढं मलाही कळतं.

किल्ल्या सांभाळणाऱ्या मिसेस ऑल्डरॉयड
दाराशी खुर्ची टाकून विणत होत्या. ऐंशीच्या पुढच्या.
रॉरीनं त्यांच्या कानाला हेडफोन लावले,
कॅमेरा जवळ घेतला. रडतील, ही आशा.
त्यांनी ऐकलं.
म्हणाल्या, चादरी पिळायचं यंत्र होतं तिथं.
बोटं जायची.
नवी बाई आली की जुन्या सांगायच्या –
काय? काय सांगायच्या?
त्यांनी आधी टाके मोजले.
सावकाश. सावकाश, पोरी.

तुम्ही इथं नोकरीला होता?
आई होती.
नोकरीला?
नाही.

हा तुकडा एपिसोडमध्ये नाही. लांबत होता, म्हणे.
पडद्यावर खाली पिवळ्या अक्षरांत हॅलो येतं.
ते मीच टाइप केलंय.
पुढे उद्गारचिन्हही, सांगितलं म्हणून.
मूळ फाइल माझ्याकडे आहे. धुलाईखाना, टेक चार.
आईला फोनवर ऐकवावी असं एकदा मनात आलं,
पण तिनं काय ऐकलं असतं
ह्याची भीती वाटली.

त्या पहाटे सामान व्हॅनमध्ये चढवताना
रॉरी तारा ओढत होता, पेट्या आपटत होता, शीळ घालत होता.
मागे ऑल्डरॉयडबाई दार लावत होत्या.
ओकचं दार, माझ्या दुप्पट उंच, बिजागऱ्या गंजलेल्या.
सवयीनं मी हेडफोन चढवले
आणि माइक तिकडे वळवला.

सुई हलली नाही.