कोपा ट्रेड, दुसरी बॅच

पटावर बावीस. पडद्यावर बावीस गोल,
कुणाच्या गोलात बुलेट, कुणाच्यात नुसतं अक्षर.
चेहरे मला माहीत नाहीत.
मागचे आवाज माहीत आहेत:
फेगड्याच्या मागे बोअरची मोटर धापा टाकते,
गुलशेरच्या मागे ट्रकवर केळीचे घड चढतात, मोजणीसकट,
आणि शायनूर तडवी बोलायला लागली
की तिच्याआधी एक बकरी बोलते.

तिसरा धडा मी महिनाभर वाचून दाखवला.
समजलं का? हो सर.
बावीस अंगठे वर,
आणि एकाच्याही नावावर एक पान नाही.

मग म्हटलं, मिटा पुस्तक.
गावातलं एक माणूस शोधा, ज्याचं काहीतरी अडलंय.
त्याच्यासाठी पान बनवा.
मार्क मी देणार नाही, ते माणूस देईल.

यावलहून डोंगराकडे आठ किलोमीटर,
शायनूरच्या गल्लीत रशीदाबाई केळीचे वेफर्स तळते.
ऑर्डरी लिहिते कॅलेंडरच्या पाठीवर,
महिना फाडला की उधारीही फाटते.

लॅब गुरुवारची. बाकी दिवस
शायनूर मोबाइलवर, एका अंगठ्यानं, कोड लिहायची.
पहिल्याच आठवड्यात तिचं पान उजवीकडे निघून गेलं.
नावं, किलो, भाव, सगळं एका रांगेत धावत पडद्याबाहेर.
मी ओळ न् ओळ चाळत होतो, दोनदा लाइट गेली,
तिसऱ्यांदा तीच म्हणाली,
'थांबा सर. डिव उघडला, लावलाच नाही.
आमच्याकडे फाटक ज्यानं उघडलं त्यानंच लावायचं,
नाहीतर बकऱ्या पार पाटापर्यंत जाऊन राह्यल्या.'

अकरा वर्षं शिकवतोय.
हे माझ्या कुठल्याच नोट्समध्ये नव्हतं.
वहीत लिहून घेतलं. तिला सांगितलं नाही.

रात्री दोन चौदाला तिची फाइल आली,
सोबत नोंद: 'आता चालतं. का चालतं माहीत नाही.'
खरंय. माझंही बरंचसं तसंच चालतं.

फेगड्यानं चुलत्याच्या दुकानाचे नऊ फोटो लावले,
चुलता खूश, मी नाही.
गुलशेर सुरतेला गेला म्हणतात.
त्याचा गोल दिसतो. मोजणी ऐकू येत नाही.

वरून आलेल्या तक्त्यात रकाने दोनच:
पूर्ण, अपूर्ण.
आज शेवटचा तास. रशीदाबाईनं पान खाली केलं, वर केलं,
'ज्यानं पैसे बुडवले त्याचं नाव लाल व्हईन का?'
'व्हईन चाची.'
'अन् दिले तर पुन्हा काळं?'

शायनूर गप्प.
ते अजून आम्ही घेतलेलं नाही.

मग अंगठ्याची टकटक. माईक चालूच राहिलाय.
कढईत नवा घाणा सुटतो, तेल चरचरतं,
बकरी, टकटक, 'थांब ना चाची',
तास संपून वीस मिनिटं झाली,
बाकीचे एकेक करून गेले.

मीटिंग उघडली मी, लावायची मीच.
लावतो.
जरा वेळानं.